टॅमरॅक फोर्कची मतमोजणी

बत्तीस वर्षं या टेबलाशी बसते आहे मी,
अग्निशमनाच्या हॉलमध्ये.
बंब त्या दिवशी बाहेर थंडीत उभा,
त्याच्या जागी तेलाचा डाग आणि पुठ्ठ्याचे चार आडोसे.
येईल त्याला नाव विचारते. कायदा आहे.
डेलमर स्टेन्सरुड दर खेपेला म्हणतो,
"तुझ्या आईनं माझी नाळ कापली, आर्डिस,
आणि तू मला नाव विचारतेस?"
मी म्हणते, "स्पेलिंग सांग."

टीव्हीवरच्या नकाशात आम्ही लाल.
मोहरीएवढे, पण लाल.
बापाच्या काळी नकाशांना रंग नव्हते,
असते तर निळे असतो.
कागद गिरणीचा भोंगा, पाकिटात युनियनचं कार्ड,
स्वयंपाकघरात एका राष्ट्राध्यक्षाचा फोटो
येशूच्या शेजारी, किंचित खाली.

मग गिरणी गेली.
आधी तिसरी पाळी गेली, मग कँटीन,
मग एका शुक्रवारी तो वास,
सडक्या कोबीचा, जन्मभर ज्याला शिव्या घातल्या.
सोमवारी सगळं गाव अंगणात नाक वर करून उभं
आणि हवा कोरी.
बाहेरचे लोक विचारतात, इथलं वारं कधी फिरलं.
मी वार सांगू शकते.

तेव्हापासून सव्वादोनशेत एकोणीस मतं तिकडची.
फार तर वीस, एखाद्या वर्षी.
आणि गावाला ती एकोणीस तोंडपाठ:
ग्रंथालयातली मिस ओडेगार्ड,
पाद्रीणबाई आणि तिचा नवरा,
टेकडीवर बकऱ्या पाळणाऱ्या त्या दोघी,
इरव्हिन लुंडक्विस्ट, ज्याच्या अंगावरून युनियनचं जॅकेट उतरलं नाही…
कुणी त्यांना वाकडं बोलत नाही.
त्यांच्याही दारातला बर्फ पहाटे कुणीतरी काढून जातं.
फक्त कॅफेत त्यांच्या टेबलाजवळ आलं
की विषय हवामानावर जातो.

यंदा मार्चमध्ये मिस ओडेगार्ड वारली.
ऑगस्टमध्ये इरव्हिन, जॅकेटसकट पुरला.
पाद्रीणबाईची बदली झाली.
मी आपली मनात वजाबाकी करून ठेवली: पंधरा.

रात्री सव्वाआठला मशीननं पट्टी ओकली.
सव्वीस.
वर्नेलनं चष्मा पुसला.
"बिघडलंय," म्हणाला.
मग हातानं मोजली आम्ही, ओली बोटं करून,
एकेक भरलेला काळा ठिपका बघत.
कुणाचा हात थरथरलेला,
कुणी रेघेबाहेर गेलेलं,
एकानं तर इतकं दाबलेलं
की कागदाच्या पाठीवर उठाव आला होता,
आंधळ्यानं वाचावा तसा.
पण नाव कुठेच नाही.
सव्वीस.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
अशा अकरा मुठी,
आणि त्या सगळ्यांना मी सकाळी
स्पेलिंग विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत
सिरपची बाटली पुढे सरकवताना
जो तो समोरच्याच्या मनगटाकडे बघत होता.
डेलमर? धान्यवाल्याची बायको?
की रस्त्याकडेच्या त्या घरातलं कुणी,
ज्यांच्या फलकाला गाई बुजतात?
उरलेले पंधराही बावरलेले.
सोबतीची सवय नव्हती त्यांना.

पण त्या रात्री, मोजणीच्या रात्री,
घरी पोचले तर ऑर्लिन जागा होता.
बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, "किती?"
सांगितलं.
"हं," म्हणाला.
एकेचाळीस वर्षं एका ताटलीतलं लोणी खातो आम्ही,
एकमेकांना हा प्रश्न विचारलेला नाही.
त्याच्या अंगठ्यावर काळं काहीतरी होतं.
शाई असेल. ट्रॅक्टरचं ग्रीस असेल.
मी दिवा मालवला
आणि माझाही हात
पांघरुणाखाली घेतला.